बागेत हरवलेलं सोनं मेटल डिटेक्टरने शोधताय? या चुका टाळा

बागेतल्या हिरवळीवर पडलेला दागिना फार खोल जात नाही. नुकतीच पडलेली अंगठी गवताच्या मुळाशीच अडकलेली असते. दोन-चार पावसाळे गेले असतील तर चार-पाच बोटं खाली. २८ सेंटिमीटर कॉइलचं (कॉइल म्हणजे जमिनीवर फिरवायची चकती) साधं मशिनसुद्धा तेवढ्या खोलीवरची अंगठी ऐकतं. तरीही लोक दिवसभर फिरून रिकाम्या हाताने परततात, कारण मशिनने सोन्याचा आवाज दिलेला असतो आणि ऐकणाऱ्याने तो कचरा समजून सोडलेला असतो.

कचरा गाळताना सोनंही गाळणं

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. फक्त सोनं ओळखणारं मशिन जगात नाही. डिटेक्टर जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवतो, त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह फिरतो आणि त्याचा प्रतिसाद कॉइलमध्ये येतो. तो प्रतिसाद धातूची वाहकता, आकार, जाडी आणि तो कसा पडलाय या सगळ्यांवर ठरतो. म्हणून छोटी अंगठी आणि गोळ्यांच्या पट्टीचा चुरगळलेला तुकडा पडद्यावर एकच आकडा दाखवू शकतात. ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवतो’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या अँटेनावाल्या यंत्रांना यातलं काहीच जमत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

नवा माणूस काय करतो? पहिल्या अर्ध्या तासात पत्रा आणि झाकणं निघाली की वैतागून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज गाळण्याची सोय, वाढवतो. लोखंड गाळलं, मग ॲल्युमिनियमची पन्नी गाळली, मग पडद्यावरच्या आकड्यांचा मधला पट्टाही बंद केला. सोनं याच पट्ट्यात असतं. कानातलं, नथ, लहान मुलांच्या अंगठ्या पन्नीच्या आकड्यांवर येतात. मोठ्यांच्या अंगठ्या त्याच्या थोड्या वर, शीतपेयाच्या डब्याच्या कडीजवळ. ० ते ९९ आकड्यांच्या मशिनवर वरच्या टोकाला तांबं आणि चांदी येते. जोडवी आणि पैंजण तिकडे सापडतील. सोन्यासाठी मधला सगळा पट्टा उघडाच ठेवा आणि फक्त अगदी खालचं लोखंड बंद करा.

परदेशी व्हिडिओतले आकडे इथे लावू नका. तिकडे अंगठ्या बहुतेक १० ते १८ कॅरेटच्या, आपल्याकडे २२ कॅरेटच्या. मिश्रधातू कमी असला की वाहकता जास्त, म्हणून तेवढ्याच मापाची आपली अंगठी तिकडच्यापेक्षा वरचा आकडा देते. यावर उपाय सोपा आहे. घरातली एक अंगठी, एक कानातलं, गोळ्यांची रिकामी पट्टी, डब्याची कडी, सोड्याच्या बाटलीचं झाकण आणि एक-दोन नाणी घ्या. ज्या बागेत शोधायचंय तिथल्याच जमिनीवर एकेक वस्तू ठेवून दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवा, आकडे वहीत लिहा. कंपनीच्या पुस्तिकेतल्या तक्त्यापेक्षा तुमची ही वही जास्त खरी.

आपल्या नाण्यांचंही ध्यानात ठेवा. १९९० च्या दशकापासूनची एक रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत, म्हणून ती लोखंडासारखी उड्या मारत बोलतात. जुनी पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी मात्र स्वच्छ आवाज देतात आणि हमखास फसवतात. दिवाळीनंतर बागेत फुलबाज्यांच्या लोखंडी तारा पसरलेल्या असतात. त्या उचलल्याशिवाय तिथे शोधू नका, एक तार शेजारच्या अंगठीचा आवाज खाऊन टाकते.

चुरगळलेल्या पन्नीचा आकडा कॉइल आडवी-उभी फिरवली की चार-सहाने हलतो, अंगठीचा बहुधा स्थिर राहतो. पण हा नियम नाही, अंदाज आहे. चकतीसारखा गोल, दोन्ही दिशांनी सारखा आवाज आला तर खोदाच. शंकेचा आवाजही खोदा. दहा पन्न्या निघाल्या तरी अकराव्याला हात आखडू नका.

काळ्या मातीला मशिन न जुळवणं

मराठवाड्याची जमीन बेसाल्टची. या खडकात आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय लोहखनिज असतं. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर मशिन चालवलं की ते मातीलाच ओरडतं. मग लोक सेन्सिटिव्हिटी (मशिन किती बारीक आवाज पकडतं ते) कमी करतात आणि खोली गमावतात, किंवा वाढवून सतत खरखर ऐकत बसतात.

आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा आवाज मशिनला सोडून द्यायला लावा. धातू नसलेली हातभर जागा शोधा, ऑल मेटल मोड (कोणताच धातू न गाळणारा) लावा, कॉइल जमिनीपासून ३० सेंटिमीटर ते ३ सेंटिमीटर अशी सात-आठ वेळा वरखाली करा आणि आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स हलवा. मुरमाची भर टाकलेल्या वाटेवरून हिरवळीवर आलात की परत करा, कारण जमीन बदलली. पाऊस पडून गेल्यावरही परत करा. मशिनमध्ये बॅलन्स हाताने करायची सोयच नसेल, तर सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा, मग खरखर थांबेपर्यंत एकेक पायरी उतरवा.

बेसाल्टचे काही गोटे धातूसारखा आवाज देतात. कॉइल थोडी वर उचला. गोट्याचा आवाज झटकन नाहीसा होतो, धातूचा हळूहळू कमी होतो.

ऋतूचं गणितही इथे वेगळं आहे. एप्रिल-मे मध्ये काळी माती भेगाळते आणि हातभर खोल भेगा पडतात. त्या दिवसांत पडलेली अंगठी भेगेत जाते आणि पावसाने भेग मिटली की तिथेच गाडली जाते. म्हणून उन्हाळ्यात हरवलेली वस्तू असेल तर भेगांच्या कडेकडेने कॉइल सावकाश फिरवा, आणि शक्य असेल तर पाऊस येण्याआधीच शोधा. इतर वेळी वापसा असताना शोधणं उत्तम. चिखलात माती कॉइलच्या कव्हरमध्ये शिरून खोटे आवाज येतात, आणि कोरड्या ढेकळात खुरपं चालत नाही.

मंगळसूत्र आणि चेन एका तुकड्यासारखी शोधणं

अंगठी ही बंद कडी. तिच्यात प्रवाह गोल फिरतो आणि आवाज दमदार येतो. तुटलेल्या अंगठीचा आवाज पडतो, कारण कडी उघडली. उभी रुतलेली अंगठीही कमी बोलते. बारीक चेनचं तर आणखी वेगळं: मशिनला अख्खी चेन दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि ती तांदळाच्या दाण्याएवढी. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे, ते बोलतच नाहीत. बोलतात त्या वाट्या.

तेव्हा मंगळसूत्र शोधताना वाट्यांचा आवाज धरा. तुटून पडलं असेल तर वाट्या एका जागी आणि सरीचे तुकडे हात-दोन हात लांब असू शकतात. वाट्या सापडल्यावर त्याच ठिकाणी १५ सेंटिमीटरची छोटी कॉइल किंवा पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) लावून दोन मीटरचा घेर पुन्हा तपासा. बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी मानवते. मशिनमध्ये ५ आणि १५ किलोहर्ट्झ असे पर्याय असतील तर चेनसाठी १५ निवडा.

घाईने, उंचावरून, मनाला येईल तिकडे फिरणं

कॉइल जमिनीला समांतर, दोन सेंटिमीटर वर, आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या निम्म्यावर पडला पाहिजे. झोक्याच्या टोकाला मनगट वर उचलायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. त्यामुळे पट्ट्याच्या कडेची जागा कोरीच राहते.

हिरवळीवर सुतळीने एक मीटर रुंदीचे पट्टे आखा. एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर. वेळ मोजकाच असेल तर आधी या जागा घ्या: झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तळाशी, नळाजवळ जिथे साबणाने हात धुतात, डबा खायला बसतात त्या झाडाची सावली, आणि उघड्या व्यायामशाळेची साधनं. लग्नाच्या लॉनवर हळदीची जागा पहिली. हळद आणि तेल लागलेल्या बोटातून अंगठी सहज निसटते.

जिचा दागिना हरवला ती व्यक्ती सोबत असेल तर तिला ‘कुठे पडलं?’ एवढंच विचारू नका. शेवटचं कधी अंगावर पाहिलं, नंतर काय काय केलं, कुठे बसली, कोणत्या हाताने कशाला धरलं, हे क्रमाने विचारा. शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

कुदळ घेऊन हिरवळ उकरणं

२२ कॅरेट सोनं मऊ असतं. खुरप्याचं एक टोक लागलं की ओरखडा पडतो आणि पोकळ वाटी चेपते. आधी कॉइल इंग्रजी एक्सच्या आकारात फिरवून नेमका मध्य काढा. वस्तू दोन-तीन बोटांच्या आत असेल तर बोथट पेचकस बाजूने तिरका घालून वर उचला, खड्डा लागतच नाही. खोल असेल तर मध्यापासून आठ-दहा सेंटिमीटर सोडून तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी तशीच ठेवा आणि गवताचा थर उलटा. माती पोत्यावर काढा, हिरवळीवर नाही. काम झालं की माती परत भरा, थर बसवा, पायाने दाबा, पाणी शिंपडा. उन्हाळ्यात वाळलेल्या हिरवळीवर थर कापूच नका. तो परत रुजत नाही आणि पुढच्या माणसाला परवानगी मिळत नाही.

दिव्यांच्या खांबांच्या आणि कारंज्याच्या आसपास लांबलचक, एका रेषेत येणारा आवाज म्हणजे वायर किंवा पाइप. तिथे काहीही खुपसू नका, त्या वायरमध्ये २३० व्होल्ट असू शकतात.

आवाज आला, खड्ड्यात काहीच नाही

बहुतेक वेळा वस्तू काढलेल्या मातीत असते. पोत्यावरची माती कॉइलखाली धरा. आवाज आला तर ढेकूळ निम्मं निम्मं करत जा. काळ्या मातीचा चिकट गोळा पाण्यात कालवून चाळणीतून धुवा, कुड्या हमखास गोळ्याच्या आत असतात. मातीत नसेल तर खड्ड्याच्या भिंती पिनपॉइंटरने तपासा. खोदताना मध्य चुकला की वस्तू बाजूच्या भिंतीत राहते.

एकाच जागी न थांबणारी टकटक असेल तर कारण जमिनीत नाही. खिशातला मोबाइल, हातातलं कडं, लोखंडी टोपीचे बूट, दांड्यावर सैल लोंबणारी कॉइलची वायर, कव्हरमध्ये साचलेली माती, हे क्रमाने तपासा. मग विजेची तार. वरून लाइन जात असेल तर फ्रिक्वेन्सी बदला, नाही जमलं तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. बॅटरीचं लगेच ओळखू येत नाही: १.५ व्होल्टच्या सेलऐवजी १.२ व्होल्टचे रिचार्जेबल घातले की काही मशिन भरलेली बॅटरीही अर्धी दाखवतात. मशिन बिघडलं असं समजू नका.

परवानगी न घेता बागेत उतरणं

महानगरपालिकेची किंवा नगरपरिषदेची बाग असेल तर उद्यान विभागाकडून लेखी परवानगी घ्या. त्यात तारीख, वेळ आणि ‘हरवलेला दागिना शोधण्यासाठी’ हा हेतू लिहून घ्या आणि कागद खिशात ठेवा. मशिन घेऊन जमीन हुंगणारा माणूस दिसला की आपल्याकडे गुप्तधनाची कुजबुज सुरू होते. तो कागद तिथे कामाला येतो.

बीबी का मकबरा, देवगिरी, नळदुर्ग, तेर, पैठणची जुनी वस्ती, गढ्या, बारवा इथे मशिन नेऊच नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. साध्या बागेतही जुनी नाणी किंवा भांडं लागलं तर खोदणं तिथेच थांबवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची चीजवस्तू सापडली तर कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

सापडलेला दागिना घासणं, कसाला लावणं, ठेवून घेणं

माती निघावी म्हणून ब्रशने घासू नका. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, दागिना दहा मिनिटं ठेवा, बोटाने चोळा, सुती कापडावर वाळवा. मोत्याची नथ आणि लाख भरलेल्या वाट्या पाण्यात बुडवू नका, ओल्या कापडाने पुसा.

खरं सोनं आहे की बेन्टेक्स, हे पाहायला दुसऱ्याचा दागिना कसोटीवर घासण्याचं काही कारण नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. दागिना तोला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने आधीच्या वजनाला भागा. २२ कॅरेटला उत्तर १७-१८ च्या आसपास येतं, पितळेला साडेआठ. म्हणजे पाच ग्रॅमची सोन्याची अंगठी पाण्यात साधारण ०.२८ दाखवेल, पितळेची ०.५९. खडे जडवलेल्या, पोकळ किंवा लाखेच्या दागिन्याला ही रीत चालत नाही.

मालक शोधायला हॉलमार्क भिंगाखाली पाहा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय विक्री करता येत नाही. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि ज्वेलरची नोंदणी दिसते. मालकाचं नाव दिसत नाही, पण ज्वेलरकडच्या बिलावरून पत्ता लागू शकतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या कानातल्यावर ही खूण नसेल.

बागेच्या कार्यालयात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सापडल्याची नोंद करा, पोच घ्या. सूचना लावताना फक्त ‘सोन्याचा दागिना सापडला’ एवढंच लिहा. वजन, घडण, आतली अक्षरं समोरच्याने सांगितली पाहिजेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू तुमच्या ताब्यात असते तोवर ती दुसऱ्याची ठेव समजून सांभाळावी लागते, आणि मालक माहीत असताना किंवा शोधता येत असताना ती लाटणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. मालकाने आधी बक्षीस जाहीर केलेलं असेल तर ते मागण्याचा हक्क मात्र करार कायद्याचं कलम १६८ तुम्हाला देतं, म्हणून त्या जाहिरातीचा फोटो काढून ठेवा.