बंद गिरणीची वीजजोडणी आणि १४,८६० रुपये

अण्णा माघात गेले आणि गिरणीला कुलूप लागलं. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षं दळणं दळली. मला शिलाईकाम सोडून गिरण चालवणं शक्य नव्हतं. सात महिन्यांनी जोडणी कायमची बंद करायला वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात गेले, तर खिडकीवर सांगितलं, "आधी १४,८६० भरा, मग मीटर काढू."

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या फेरीत पैसे भरू नका, पण हात हलवत परतही येऊ नका. त्याच दिवशी 'वीजपुरवठा कायमस्वरूपी खंडित करणेबाबत' असा साधा अर्ज द्या. ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट (बिलावरचा कार्यालयाचा संकेतांक), आजचं मीटर रीडिंग लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. माझ्या मते सगळ्या भांडणात हा शिक्का सर्वांत मोलाचा. जोडणी चालू आहे तोवर स्थिर आकार लागतच राहतो, आणि 'आम्ही कधी बंद करायला सांगितलं' हे दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

मग रकमेची फोड लेखी मागा. मला तीन ओळी मिळाल्या: थकीत बिल ९,६४०, मीटर काढणे १,५००, लाईन चार्ज ३,७२०. सोबत खात्याचा सीपीएल उतारा मागा, म्हणजे ग्राहकाचं महिन्यावारी खातं. माझ्या उताऱ्यात सातही महिने मीटरची स्थिती 'लॉक' होती. मीटर कुलपाच्या आत, रीडिंग घेणारा बाहेरूनच परत जायचा आणि सरासरी युनिट लागायचे. जातं फिरलंच नव्हतं, तरी दळणाचं बिल!

मी मीटरचा फोटो काढला, अण्णांच्या हयातीतलं शेवटचं खरं रीडिंग असलेलं बिल शोधलं. दोन्हीकडे आकडा एकच. हे जोडून स्थळपाहणी मागितली. वायरमन आला, त्यानं रीडिंग लिहून नेलं आणि सरासरीचे ६,१६० रुपये वजा झाले. उरलेला ३,४८० स्थिर आकाराचा भाग मी मान्य केला. तो देणं होतंच; त्यावर भांडले असते तर बाकीची बाजूही कमजोर झाली असती.

इतर दोन ओळींसाठी एकच प्रश्न लेखी विचारला: महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानं मंजूर केलेल्या शुल्कांच्या तक्त्यात ही रक्कम कुठे आहे? वीज कंपनीला मनाला येईल तो आकार लावता येत नाही. दोन आठवड्यांनी त्या ओळी खोडलेला हिशोब हातात आला. तोंडी विचारलं तेव्हा मात्र 'सगळ्यांकडून घेतो' एवढंच ऐकलं होतं.

जुनी थकबाकी काढली तर वीज कायदा २००३ चं कलम ५६(२) बघा. रक्कम पहिल्यांदा देय होऊन दोन वर्षं उलटली असतील आणि दरम्यानच्या बिलांत ती सलग थकीत दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर त्याच कायद्याखालचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. वकील लागत नाही. त्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. मला तिथवर जावं लागलं नाही.

सुरक्षा ठेव विसरू नका, ती आपण होऊन कोणी काढून देत नाही. कलम ४७(४) प्रमाणे मागितल्यावर ती परत करायची असते, व्याजही लागतं. जोडणी अण्णांच्या नावावर, म्हणून मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि दोन्ही भावांचं संमतीपत्र द्यावं लागलं. धाकटा सुरतेला असतो, त्याच्या सहीसाठी तीन आठवडे गेले. हे कागद आधीच जमवा. आमची ठेव २,००० होती. ती वळती करून मी १,४८० रुपये भरले. व्याजासाठी अर्ज वेगळा दिलाय.

मीटर काढून नेतील तेव्हा शेवटचं रीडिंग, मीटर क्रमांक आणि तारीख कागदावर लिहून सही घ्या. मला पुढच्या महिन्यात पुन्हा बिल आलं. तो कागद दाखवला आणि दहा मिनिटांत ते रद्द झालं.