‘सगळे १२ चे ५ करा’ : सांगलीत जीएसटी सॉफ्टवेअरचा जोडधंदा करताना

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब-साठा ठेवणारं सॉफ्टवेअर, सांभाळतो, घर त्या पगारावर चालतं. रात्री नऊ ते बारा आणि रविवारी स्वतःचं बिलिंग-जीएसटीचं सॉफ्टवेअर, तेही फक्त ठिबक, पाईप, खतं-औषधं विकणाऱ्या दुकानदारांसाठी. २०१९ पासून चालूय, आज एक्केचाळीस दुकानं आहेत. मध्ये दोघा-तिघा पोरांनी विचारलं, दादा आम्हालाही असलं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढं तीन जीएसटीची नावं येतील : आर वन म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, थ्री बी म्हणजे एकूण हिशोब करून कर भरायचं रिटर्न, टू बी म्हणजे आपल्याला खरेदीवर किती क्रेडिट मिळतं त्याची पोर्टलवरची यादी.

सुरुवातच फजितीनं झाली. जुलै २०१९ ला पहिलं व्हर्जन एका ओळखीच्या दुकानात बसवलं आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. गणपती पेठेत, मारुती रोडला दुकानांत पाणी. ह्या माणसाचा कॉम्प्युटर माळ्यावर चढवला म्हणून वाचला, वह्या सगळ्या गेल्या. सरकारनं पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलैचं थ्री बी भरायला २० सप्टेंबरपर्यंत मुदत दिली, त्यात सांगली, सातारा, कोल्हापूर होते, बाकीच्यांना २२ ऑगस्ट. आणि माझ्या कोडात काय लिहिलेलं, तर २० तारीख, विषय संपला. दहा-बारा दिवस चिखल उपसून त्यानं मशीन चालू केलं तर स्क्रीनवर लाल अक्षरात ‘मुदत संपली, दंड रोज ५० रुपये’. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी मुदतीच्या तारखांचं वेगळं टेबल केलं, कुठला महिना, कुठला जिल्हा, कुठली तारीख. आणि मला वाटलं आपण शहाणे झालो. तारखेपुरतेच झालो होतो.

कारण पुढं तेच परत केलं. क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं. पुरवठादारानं आर वनमध्ये न दाखवलेल्या बिलांचं क्रेडिट किती घ्यायचं तो जीएसटीचा नियम आठवतोय का, ३६(४)? ऑक्टोबर २०१९ मध्ये २० टक्के, जानेवारी २०२० पासून १०, जानेवारी २०२१ पासून ५, आणि जानेवारी २०२२ पासून काहीच नाही, टू बीत दिसेल तेवढंच घ्या. मध्ये कोरोनात फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२० चा हिशोब सप्टेंबरच्या थ्री बीत एकत्र धरायचा होता. मी प्रत्येक वेळी काय केलं, कोडातला २० खोडून १० लिहिला, मग १० खोडून ५. जुना महिना कुणी उघडून बघितला नाही म्हणून निभावलं. निभावलं की माणूस शिकत नाही.

आता मुख्य खड्डा. इथं जरा सविस्तर लिहितो, बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलनं दर बदलले, २२ सप्टेंबरपासून लागू, घटस्थापनेच्या दिवशीच. ठिबकचा माल १२ वरून ५ टक्क्यांवर. दुकानदारांचे फोनवर फोन, एकेकाकडं चारशे-पाचशे आयटम, हातानं कोण बदलणार. मी २१ तारखेच्या रात्री, सर्वपित्री अमावास्या होती, सगळ्यांना अपडेट पाठवला, त्यात एक बटण : ‘सगळे १२ चे ५ करा’. सकाळी व्हॉट्सअॅपवर नुसते अंगठे. आमची आई म्हणत होती अमावास्येला नवीन काही करू नको, तिचं ऐकलं असतं तरी फरक पडला नसता, चूक चार वर्षं आधीच करून ठेवलेली होती.

८ ऑक्टोबरला विश्रामबागेतल्या एका टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसातून एंट्री करणाऱ्या ताईंचा फोन.

“दादा, हे बिल बघा. कागदावर बारा टक्के आहे आणि तुमच्या स्क्रीनवर पाच.”

“कुठलं बिल?”

“कुठलं काय, सगळीच.”

झालं असं होतं. माझ्या बिलाच्या ओळीत फक्त आयटम नंबर, नग आणि भाव साठवलेला. टक्के साठवलेलेच नव्हते, ते दर वेळी आयटम मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मुख्य यादीतून, उचलून आणायचे. कॉलेजात शिकवलं होतं ना, एकच माहिती दोन जागी ठेवू नका, नॉर्मलायझेशन करा, ते मी मन लावून केलं होतं. म्हणजे मास्टरमध्ये १२ चे ५ केले त्या क्षणी २०२१ पासूनची झाडून सगळी बिलं ५ टक्क्यांची झाली. १ ते २१ सप्टेंबरची बिलं गिऱ्हाइकाच्या हातात १२ नं गेलेली आणि आर वनमध्ये ५ नं निघालेली, आणि दर महिन्याला आर वन भरणाऱ्यांची मुदत ११ तारीख.

त्याच्यावर कडी म्हणजे क्रेडिट नोटा, माल परत आला की बिलातली रक्कम कमी करायला काढतात त्या. मिरजेचे एक डिस्ट्रिब्युटर आहेत, अण्णा, त्यांनी ऑगस्टमध्ये तासगावच्या डीलरला १ लाखाच्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, दिल्या होत्या, वर १२ हजार जीएसटी. सप्टेंबरच्या शेवटी निम्मा माल परत आला. क्रेडिट नोट ५० हजार अधिक ६ हजारांची निघायला पाहिजे, कारण ती मूळ बिलाची पाठ धरून चालते, माल आज परत आला म्हणून दर आजचा लागत नाही. माझ्या सॉफ्टवेअरनं काढली २,५०० ची. म्हणजे डीलरनं क्रेडिट घेतलं १२ नं आणि परत करणार ५ नं, आणि मधले ३,५०० अण्णा सरकारला भरून बसलेले. ते फोनवर शांतपणे म्हणाले, “अहो, माल माझा, बिल माझं, आणि टक्के तुम्ही बदलणार?”

गुरुवार-शुक्रवार कारखान्यात रजा टाकली. वाचलो ते एकाच गोष्टीनं, महापुरानंतर मी प्रत्येक दुकानाला रोज रात्रीचा बॅकअप पेनड्राइव्हवर सक्तीचा केलेला. २१ तारखेच्या बॅकअपमधून जुने दर काढले, २२ च्या आधीच्या एकूण एक बिलाच्या ओळीत कायमचे लिहिले, ताईंनी त्यांच्या फाईलमधल्या कागदांशी बिलं ताडून दिली. सहा क्रेडिट नोटा रद्द करून परत काढल्या. ११ तारखेला दुपारी चारला शेवटचं आर वन गेलं. चुकीचं रिटर्न एकही गेलं नाही, पण दोन दुकानं मला सोडून गेली, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

तर आता करायचं काय ते. एक, बिल फाडलं त्या क्षणाचे टक्के, एचएसएन (मालाचा जीएसटीतला कोड नंबर), गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर, सगळं बिलाच्या ओळीतच साठवा, एकच गोष्ट शंभर जागी लिहिली जाते म्हणून जीव खालीवर करू नका. दोन, दराच्या टेबलात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने पाहिजेतच, जुनी ओळ बंद करायची, नवी घालायची, खोडायचं काही नाही. तीन, क्रेडिट नोटेनं दराच्या टेबलाकडं बघायचंच नाही, मूळ बिलाच्या ओळीकडं बघायचं. मूळ बिल सापडत नसेल तर सॉफ्टवेअरनं अडून बसावं, अंदाजानं दर लावू नये. हल्ली पोरं एआयकडून कोड लिहून घेतात, घ्या, मीही घेतो, पण तो ‘दर = १८’ असं लिहून मोकळा होतो, तारखेचं तुम्हीच विचारावं लागतं.

घाबरवतोय असं वाटत असेल तर तसं नाही. हे काम अवघड नाही, किचकट आहे, आणि एवढ्याश्या गिऱ्हाइकासाठी मोठ्या कंपन्या खाली वाकत नाहीत म्हणून आपल्याला जागा आहे. टॅलीसारखं सगळ्यांना चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवायला मात्र जाऊ नका. एक धंदा धरा, त्याचीच भाषा शिका.

बाकीचं भराभर. नोकरी असेल तर नेमणूक पत्र काढून वाचा, जोडधंद्याबद्दल आणि तुम्ही लिहिलेल्या कोडवर मालकी कुणाची याबद्दल ओळ असते, मी साहेबांकडून लेखी घेतलंय. आपलं सॉफ्टवेअर जीएसटी पोर्टलशी थेट जोडायचं तर जीएसटी सुविधा प्रोव्हायडर म्हणून मान्यता असलेल्या कंपनीमार्फतच जावं लागतं, त्याचा खर्च वर्षभर तरी करू नका, सॉफ्टवेअरमधून जेसन (JSON, पोर्टलला वाचता येणारी) फाईल बनवून दुकानदाराला ती अपलोड करू द्या. गिऱ्हाइकाचा पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडं ठेवू नका, तो म्हणाला तरी, गळ्यात घातला तरी. तुमची सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण पहिल्या दिवसापासून नंबरवार बिल फाडा. ओळखीपाळखीत फुकट देऊ नका, फुकटवाला रात्री अकराला फोन करतो, पैसे देणारा सकाळी दहाला.

आणि मेंटॉर. मी पुण्यातल्या एकाला पैसे भरून दोन महिने वाया घालवले, त्यानं मला लोगो बदलायला आणि नोकरी सोडायला सांगितलं. सीएंना दाखवलं तर ते छान आहे म्हणतात, कारण ते स्वतः एंट्री करत नाहीत. दाखवायचं असेल तर दिवसाला दोनशे बिलं घालणाऱ्या ताईंना दाखवा. मी आता त्यांना महिन्याला तपासणीचे पैसे देतो, पहिल्या महिन्यात त्यांनी नको म्हणून परत केले होते.

अण्णांचं ते ऑगस्टचं बिल, १ लाख १२ हजारांचं, त्याची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कुठलाही अपडेट पाठवायच्या आधी तेच बिल स्क्रीनवर उघडतो आणि त्याची क्रेडिट नोट काढून बघतो. ६ हजार आले तरच पुढं.