जमिनीलगत पसरणारी सक्युलंट्स : या चुका टाळा

पानं सुरकुतली की हात आपोआप झारीकडे जातो. तिथेच थांबा. सेडम असो, डेलोस्पर्मा असो की ऑफिस टाइम म्हणतो ते पोर्टुलाका, पानांत पाणी साठवणाऱ्या या झाडांचा जीव तहानेपेक्षा ओलीनं जास्त जातो.

मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे माती ओलीगच्च असूनही झाड तहानलेलं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. खरं काय ते हाताला कळतं. पान चिमटीत धरून बघा. तहानलेलं पान मऊ पडलेलं, पण चिवट लागतं. कुजायला लागलेलं पिवळट, पाणचट होतं आणि बोट लागताच गळतं. हिरव्या गालिचाचा मधला भागच आधी खराब होतो, कारण दाटीत हवा खेळत नाही. फांद्या बाजूला सारून बुडखा पाहा. तो काळा पडला असेल तर पाणी बंद करा, कुजकं सगळं काढून टाका आणि वरचे निरोगी शेंडे वाचवा. शेंडे लगेच मातीत खोचू नका. 2-3 दिवस सावलीत ठेवा, कापलेली जागा सुकू द्या, मग लावा.

निचऱ्यासाठी बारीक वाळू मिसळणं ही आणखी एक चूक. चिकण मातीत ती घट्ट बसते. जाडी वाळू किंवा बारीक खडी घ्या, साधारण मातीइतकीच. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर आज पाणी नको.

फांद्या लांबुळक्या, पानं विरळ झाली तर ऊन कमी पडतंय. पोर्टुलाकाची फुलं तर सावलीत मिटलेलीच राहतात. पण सावलीतली कुंडी एकदम कडक उन्हात ठेवू नका. पानांवर पडलेले भाजल्याचे डाग जात नाहीत. आठ-दहा दिवसांत हळूहळू ऊन वाढवत न्या.

खत जेमतेमच. जास्त नत्रानं फांद्या पोसल्यासारख्या दिसतात, पण लुसलुशीत होतात आणि सहज कुजतात.

हा गालिचा दिसायला हिरवळीसारखा असला तरी रोजची पावलं सोसत नाही. ये-जा असेल तिथे मध्ये फरश्या बसवा. चुकून मोडलेले तुकडे मात्र फेकू नका. सेडमचे तुकडे उघड्या पडलेल्या जागी टेकवले तरी मूळ धरतात.