निर्यातीचे पैसे पूर्ण यावेत म्हणून: बँक खर्चाबद्दल आधीच करायची तयारी

पहिली परदेशी ऑर्डर मिळाली की सगळं लक्ष माल, पॅकिंग, जहाजाची तारीख आणि कागदपत्रांकडे असतं. ५,००० डॉलरचं बिल जातं, खात्यात ४,९६४ जमा होतात, आणि मग ३६ डॉलर कुठे गेले याची शोधाशोध सुरू होते. ग्राहकाला विचारावं तर तो म्हणतो, आम्ही पूर्ण पैसे पाठवले. तो खोटं बोलत नसतो. कपात मधल्या बँकेने केलेली असते आणि तिचा ना त्याच्याशी थेट संबंध, ना आपल्याशी. म्हणून ही तयारी नुसती माल निघण्याआधी नव्हे, तर भाव देण्याआधीच करायची. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून जर्मनीला, अमेरिकेला कास्टिंग किंवा मशिनिंगचे पार्ट पाठवणारा लहान कारखाना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. हळद, बेदाणा किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी मनाशी भूमिका पक्की करा. माझं मत स्पष्ट आहे: ठरलेली रक्कम विकणाऱ्याच्या बँकेपर्यंत पूर्ण पोचवण्याचा खर्च पैसे देणाऱ्याने सोसावा, आणि ती जमा करून घेण्याचा आपल्या बँकेचा खर्च आपण. कारण साधं आहे. कोणत्या बँकेतून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या दिवशी पैसे पाठवायचे हे सगळं देणारा ठरवतो; त्या मार्गावर विकणाऱ्याचा काहीच ताबा नसतो. जर्मनीच्या दिवाणी संहितेतलं कलम २७० हेच सांगतं: वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे धनकोपर्यंत पोचवण्याची जोखीम आणि खर्च ऋणकोचा. जर्मन ग्राहकाशी बोलताना हा मुद्दा जरूर वापरा, त्याला तो नवा नसतो. मात्र ऑर्डरवर एफओबी किंवा सीआयएफ अशी इन्कोटर्म (माल पोचवण्याची आंतरराष्ट्रीय ठरावीक अट) लिहिली म्हणजे बँक खर्चाचंही ठरलं, असं समजू नका. इन्कोटर्म्स मालाची जोखीम, वाहतूक आणि त्यांचा खर्च सांगतात. पैसे कसे आणि कोणाच्या खर्चाने द्यायचे याबद्दल त्यात काही नसतं.

मग आपल्या बँकेत जा आणि तीन गोष्टी लेखी घ्या. परदेशातून पैसे आल्यावर बँक काय आकारते, रकमेचा दाखला देण्याचे किती घेते, आणि डॉलर, युरो, पाउंड यांसाठी तिचं नोस्ट्रो खातं, म्हणजे परदेशी बँकेतलं तिचं स्वतःचं खातं, कोणत्या बँकेत आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि कपात टाळायला तीच सगळ्यात उपयोगी. आपल्या बँकेच्या नोस्ट्रो बँकेचं नाव, तिचा स्विफ्ट कोड (परदेशी पेमेंटसाठीची बँकेची ओळख) आणि खाते क्रमांक प्रोफॉर्मावर, म्हणजे माल पाठवण्याआधी देतो त्या कच्च्या बिलावर, छापलेला असेल तर पाठवणारी बँक शक्यतो त्याच वाटेने पैसे पाठवते. नसेल तर ती आपल्या सोयीची वाट निवडते, मध्ये एखादी बँक वाढते, आणि जितके हात तितक्या कपाती. चलनाचा विचारही इथेच करा. जर्मन ग्राहकाला डॉलरमध्ये बिल लावलं तर पैसे सहसा न्यूयॉर्कमार्गे फिरून येतात. बिल युरोत असेल आणि आपल्या बँकेचं नोस्ट्रो फ्रँकफर्टला असेल, तर साखळी बरीच आखूड होते.

आता तीन शब्द समजून घ्या. परदेशी ट्रान्सफरच्या अर्जात खर्च कोणाचा हा रकाना असतो आणि त्यात ‘अवर’, ‘शा’ किंवा ‘बेन’ निवडावं लागतं. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. ‘शा’ म्हणजे पाठवणाऱ्याच्या बँकेचा खर्च त्याचा आणि पुढचा सगळा, मधल्या बँकांसकट, घेणाऱ्याचा. ‘बेन’ म्हणजे सगळंच घेणाऱ्याच्या माथी. बँका एकमेकींना पाठवतात त्या नव्या स्विफ्ट संदेशांत हेच डीईबीटी, एसएचएआर आणि सीआरईडी असं दिसतं. ‘शा’ ऐकायला निम्मं-निम्मं वाटतं, पण तसं नाही: मधल्या बँका कितीही असोत, त्यांचं सगळं आपल्यावर येतं. युरोपातल्या युरोपात पैसे पाठवताना ‘शा’ हाच नियम आहे, त्यामुळे तिथल्या अकाउंट्स विभागाच्या हाताला तीच सवय. भारतासाठी तो रकाना बदलायचा आहे, हे आपणच त्यांना आठवण करून द्यायला हवं.

अट कशी लिहायची याकडे जास्त लक्ष द्या, कारण इथेच बरेच जण थोडक्यात चुकतात. नुसतं ‘ट्रान्सफर अवर पद्धतीने करावा’ असं लिहून भागत नाही. डॉलरच्या ट्रान्सफरमध्ये ‘अवर’ लिहूनही मधली बँक कधीकधी कापून घेते. पूर्ण रकमेची हमी देणारी वेगळी सोय काही बँका जादा पैसे घेऊन देतात, आणि ती ग्राहकाने मागून घ्यावी लागते. म्हणून अट कोडवर न बांधता परिणामावर बांधा: बिलाची पूर्ण रक्कम आमच्या बँकेत पोचली पाहिजे, आमच्या बँकेबाहेरचा सगळा बँक खर्च, मधल्या बँकांच्या कपातीसह, खरेदीदाराचा, रक्कम कमी आल्यास फरक पुढच्या बिलात लावला जाईल. ‘अवर’ची सूचना त्यानंतरच्या ओळीत. हे कोटेशनवर हवं, प्रोफॉर्मावर हवं आणि बिलावरही हवं. फक्त बिलावर टाकलं तर ग्राहक म्हणेल, हे आधी ठरलं नव्हतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

ऑर्डर आली की तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्या कंपन्यांच्या छापील अटींत प्रत्येक पक्षाने आपापला बँक खर्च करावा असं एखादं वाक्य दडलेलं असतं, आणि आपण मुकाट्याने माल पाठवला तर ते मान्य केल्यासारखं होतं. ऑर्डर स्वीकारल्याचं पत्र पाठवताना आपली अट पुन्हा लिहा आणि होकार मागा. एखादा ग्राहक इतका मोठा असतो की त्याची यंत्रणा जगभरच्या सगळ्या पुरवठादारांना ‘शा’नेच पैसे पाठवते आणि खरेदी अधिकाऱ्याच्या हातात काही नसतं. तिथे भांडू नका. कपातीचा अंदाज भावात धरा आणि पुढे जा. तत्त्वासाठी चांगला ग्राहक तोडावा इतका हा विषय मोठा नाही. पण नकळत तोटा सोसावा इतका लहानही नाही.

छोट्या बिलांचं गणित वेगळं. ३०० डॉलरच्या नमुन्याच्या बिलातून ३० डॉलर गेले तर दहा टक्के गेले, म्हणजे नफाच संपला. अशी बिलं एकत्र करून महिन्याला एकदाच पैसे मागवा, किंवा नमुन्याचे पैसे पुढच्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेत मिळवा. परदेशी पेमेंट गोळा करून देणाऱ्या कंपन्यांचाही विचार करा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र चौकट आणली आणि तेव्हा विकलेल्या वस्तूच्या किंवा सेवेच्या दर नगामागे २५ लाख रुपयांची मर्यादा घातली. ग्राहक आपल्या देशातल्या देशात पैसे भरतो, त्यामुळे मधल्या बँकांच्या कपातीचा प्रश्न बराचसा सुटतो. कंपनीकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे ना आणि ती रक्कम आल्याचा दाखला देते ना, एवढं मात्र आधी पाहा.

व्यवहार एलसीवर (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीवर) असेल तर एलसी उघडण्याआधी तिचा मसुदा मागवा आणि त्यातला ७१-डी हा खर्चाचा रकाना वाचा. तिथे बहुधा ‘एलसी उघडणाऱ्या देशाबाहेरचे सगळे बँक खर्च विकणाऱ्याचे’ असं ठोकळेबाज वाक्य असतं. ते मान्य असेल तर भावात धरा, नसेल तर तेव्हाच बदलून घ्या. नंतर दुरुस्ती मागितली की तिचाही खर्च लागतो. हा रकाना रिकामा असेल तर निगोशिएशन (बँकेने कागदपत्रांवर आधी पैसे देणं) आणि ट्रान्सफर (एलसी दुसऱ्याच्या नावे करणं) यांचे खर्च सोडून बाकी सगळे खरेदीदाराचे धरले जातात. कन्फर्मेशन, म्हणजे दुसऱ्या बँकेची जादा हमी, आपण मागत असू तर त्याची फी कोणाची हे वेगळं बोला. कागदपत्रांतल्या त्रुटीसाठी कापली जाणारी रक्कम मात्र बहुतेक वेळा आपल्याच पैशांतून जाते, आणि ती टाळणं आपल्याच हातात असतं.

बँकेमार्फत कलेक्शनवर (खरेदीदाराने पैसे दिल्यावर किंवा हुंडी स्वीकारल्यावर बँकेने त्याला कागदपत्रं द्यायची या पद्धतीने) कागदपत्रं पाठवत असाल तर एक वाक्य विसरू नका. कलेक्शनच्या यूआरसी ५२२ या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, खर्च खरेदीदाराचा असं आपण लिहिलं आणि त्याने द्यायला नकार दिला, तर तिथली बँक खर्च वसूल न करताही कागदपत्रं त्याच्या हवाली करू शकते. तो खर्च मग आपल्या रकमेतून वजा होतो. ‘खर्च माफ करू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती तसं करू शकत नाही. बँकेच्या छापील फॉर्मवर यासाठी बरेचदा चौकट असते. तिथे खूण करा.

पैसे यायच्या दिवसाचीही तयारी असते. ग्राहकाने पैसे पाठवले म्हटलं की त्याच्याकडून स्विफ्टची प्रत, म्हणजे त्याच्या बँकेने पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागवा आणि फाइलला लावा. जुन्या पद्धतीच्या प्रतीत चार रकाने बघायचे. ३३-बी मध्ये ग्राहकाने सांगितलेली रक्कम, ३२-ए मध्ये प्रत्यक्ष पुढे गेलेली, ७१-ए मध्ये खर्च कोणाचा, आणि ७१-एफ मध्ये वाटेत कोणी किती कापलं. ३३-बी मध्ये ५,००० आणि ७१-ए मध्ये ‘शा’ दिसलं की वाद तिथेच मिटतो: आपली अट पाळली गेलेली नाही, आणि फरकाची डेबिट नोट प्रतीसह त्याच आठवड्यात पाठवायची. प्रतीत ‘अवर’ असूनही रक्कम कमी आली तर यूईटीआर नावाचा ३६ चिन्हांचा क्रमांक आपल्या बँकेला द्या. त्यावरून कपात कुठे झाली याचा माग काढता येतो, आणि ग्राहकाची बँक मधल्या बँकेकडे दाद मागू शकते.

त्याच दिवशी डॉलरचा भावही विचारा. कपातीवरून ई-मेल झडतात आणि भावाकडे दुर्लक्ष होतं. ५,००० डॉलरवर ५० पैसे कमी मिळाले तर २,५०० रुपये गेले, आणि ते कोणत्याही रकान्यात दिसत नाहीत. बँकेचा छापील दर मान्य करण्याआधी बँकेच्या ट्रेझरीकडून (परकीय चलन विभागाकडून) दर मागा, किंवा एफएक्स-रिटेल या परकीय चलनाच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करून ठेवा. रुपयांत बदलताना जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो: ४ लाख रुपयांच्या बदलावर करपात्र मूल्य २,५०० रुपये धरतात आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ४५० रुपये. बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल तर याचं आणि बँक चार्जेसवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. तो नोंदवला आहे का, हे आजच बघा.

वहीत विक्री पूर्ण ५,००० डॉलरचीच लिहा आणि कपात बँक खर्चात टाका. विक्रीच ४,९६४ ची दाखवलीत तर शिपिंग बिलाशी, म्हणजे कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाशी, आकडे जुळणार नाहीत. ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का यावर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत) ती रक्कम परदेशी बँकेचा खर्च म्हणून मिटवायला बँकेला लेखी सांगा, नाहीतर ३६ डॉलरसाठी शिपिंग बिल उघडं राहतं आणि पुढच्या कामात अडथळा येतो. १० लाख रुपयांपर्यंतच्या बिलांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्यातदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रावर नोंद मिटवण्याची सोय केली आहे, तिचा उपयोग करा. ईबीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा इलेक्ट्रॉनिक दाखला, आता डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर आपण स्वतः काढतो. तेव्हा कपात दाखवणारी बँकेची ॲडव्हाइस जवळ असू द्या.

आणि कारखान्यासाठी तैवानहून टूलिंग किंवा इटलीहून सुटे भाग मागवत असाल तर पैसे पाठवणारे आपण असतो. तेव्हा बँकेच्या अर्जात ‘अवर’वर खूण करा, पूर्ण रक्कम पोचवण्याचे जादा पैसे किती ते विचारून खरेदीच्या खर्चात धरा, आणि स्विफ्टची प्रत पुरवठादाराला त्याच दिवशी पाठवा.