'हप्तो कोण भरतलो?' : गोव्यात पथनाट्य करू पाहणाऱ्यांसाठी

पाऊस सरला की कॉलेजातली दोन-चार मुलं भेटायला येतात. पथनाट्य करायचंय, विषय ठरलाय, संहिता लिहून तयार आहे, फक्त जागा सुचवा म्हणतात. मी आधी एकच विचारतो : ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांच्या ओसरीवर किती वेळा बसलात? बहुतेकांचं उत्तर 'एकदाही नाही' असतं. आमचंही तेच होतं.

२०१२ साली सप्टेंबरात राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही सहा जणांनी धुळीवर आणि आटलेल्या विहिरींवर वीस मिनिटांचं पथनाट्य बसवलं. अभ्यास चांगला केला होता. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आत येणारं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं आणि आसपासच्या विहिरी कोरड्या पडतात. पावसात ढिगाऱ्यांवरची माती वाहून शेतात बसते. हे सगळं नाटकात होतं. डिचोली तालुक्यातल्या एका गावात देवळासमोर प्रयोग लावला. रस्त्याच्या कडेला खनिज वाहणारे टिपर ट्रक ओळीने उभे होते, काहींच्या चाकांपर्यंत गवत चढलेलं. प्रयोग संपला, टाळ्या पडल्या. मागे उभा असलेला एक चाळिशीचा माणूस पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "धुल्लाचें सांगलें तें खरें. पूण हप्तो कोण भरतलो?" म्हणजे, धुळीचं सांगितलंत ते खरं, पण कर्जाचा हप्ता कोण भरणार?

त्याचा स्वतःचा ट्रक त्याच ओळीत होता. आमच्यापैकी कुणालाही बोलता आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने कर्जाचं पासबुक दाखवलं. त्याच्या आईने मागच्या दारची विहीर दाखवली, तळाशी ओलसुद्धा नव्हती. ती टँकरचं पाणी कळशीत भरून, वर फडकं बांधून ठेवायची. एका घरात पासबुक आणि कळशी दोन्ही होतं आणि आमच्या नाटकात फक्त कळशी होती.

नाटक पुन्हा लिहिलं. आता रिंगणात मायलेक उभे राहतात, मुलाच्या हातात पासबुक, आईच्या हातात रिकामी कळशी, आणि दोघंही खरं बोलतात. शेवटी आम्ही उत्तर देत नाही, प्रश्न लोकांपुढे ठेवतो. दुसऱ्या गावात हा प्रयोग झाल्यावर माणसं तासभर हलली नाहीत. ट्रकवाले आणि विहिरी आटलेल्या बायका पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होत्या. गावोगावी घोषणा देणारी पथनाट्यं मी खूप पाहिली आहेत, पण मला वाटतं, आपल्याशी न पटणारा माणूस शेवटपर्यंत उभा राहिला पाहिजे. तो निघून गेला तर आपण आपल्याच माणसांना सांगत बसलो असं समजा.

आता भाषेचं. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत घरात कोंकणी बोलतात, पण आरती, भजन आणि जत्रेतलं नाटक मराठीत. म्हणून आमचा सूत्रधार मराठीत बोलतो आणि पात्रं भांडायला लागली की कोंकणीत येतात. पुण्या-मुंबईची संहिता जशीच्या तशी उचलू नका, पहिल्याच वाक्याला माणसं परकी होतात. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत गेलात तर तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकाचा प्रेक्षक भेटेल. १८९२ पासून चालत आलेल्या त्या रंगभूमीवर राजकीय कांतारां (गाणी) ऐकायची लोकांना सवय आहे, तिथे झाकून बोलायची गरज नाही.

गर्दी जमवायला घुमट (मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल) पुरतात. दमट हवेत घुमटाचं कातडं सैल पडतं, तेव्हा आधी ते उन्हात धरून तापवून घ्या, नाहीतर आवाज बसतो. कातडं बकरीचंच असू द्या, पूर्वी घोरपडीचं लावत, पण तिला आता कायद्याने संरक्षण आहे. माइक टाळा. आवाज पोटातून काढायचा सराव रोज झाडाखाली करा आणि पाठ फिरवून बोलताना शेवटचा शब्द गिळू नका, कारण रिंगणात कुणाकडे तरी आपली पाठ असतेच. बाजारात करायचं तर म्हापशाचा शुक्रवार किंवा डिचोलीचा बुधवार, सकाळी दहाच्या सुमारास. माणसं पिशव्या घेऊन उभी असतात, त्यामुळे पंधरा मिनिटांवर जाऊ नका. दिल्लीच्या जन नाट्य मंच या पथनाट्य गटाचं १९७८ मधलं 'मशीन' जेमतेम तेरा मिनिटांचं होतं आणि त्याच्या मुळाशी कामगारांच्या दोन साध्या मागण्या होत्या : सायकल ठेवायला जागा आणि चहासाठी कॅन्टीन. मागणी अशी हाताला लागेल इतकी नेमकी असावी.

परवानगीकडे दुर्लक्ष करू नका. पोलीस ठाण्यात लेखी पत्र द्या आणि शिक्क्याची प्रत खिशात ठेवा. देवळाची जागा असेल तर देवस्थान समितीला आणि पंचायतीची असेल तर सरपंचांना आधी भेटा. जमावबंदीचा आदेश आहे का ते पाहा, पूर्वीचं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात १६३ झालं आहे. एकदा शिक्का असूनही आम्हाला अर्ध्यावर थांबवलं गेलं. आम्ही हुज्जत घातली नाही, घुमट खाली ठेवलं आणि लोकांबरोबर जमिनीवर बसून उरलेली गोष्ट नुसती बोलून सांगितली.

धोका खरा असतो, तो गटातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलींच्या घरच्यांना, आधी सांगा. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीलगतच्या साहिबाबादजवळ झंडापूरला 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना जन नाट्य मंचाच्या सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. राम बहादूर नावाचा कामगारही त्याच हल्ल्यात मारला गेला. ४ जानेवारीला सफदरच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि साथीदारांनी त्याच जागी जाऊन ते नाटक पूर्ण केलं. सफदरचा जन्मदिवस, १२ एप्रिल, देशभर पथनाट्य दिन म्हणून पाळतात. आम्ही त्या दिवशी न चुकता प्रयोग करतो.

पैशांबद्दल स्पष्टच सांगतो, यावर घर चालत नाही. आमच्यातले दोघं शिक्षक आहेत, एक जण दुकान सांभाळतो. सरकारी योजनांच्या जागृतीसाठी पथनाट्यं करून मानधन मिळतं आणि त्यात गैर काही नाही, पण तो गट आणि हा गट वेगळे ठेवा. निवडणुकीत उमेदवाराचे पैसे घेतलेत तर पुढची पाच वर्षं त्या वाड्यावर तुमचं कुणी ऐकणार नाही.

प्रयोगाची तारीख ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात धरा. ग्रामसभा बहुधा रविवारी असते, पंचायतीच्या फलकावर सूचना लागते. रिंगणात जो प्रश्न निघाला तो त्याच संध्याकाळी गावातल्याच कुणाच्या तरी अक्षरात कागदावर उतरवून घ्या आणि सह्या गावकऱ्यांच्या असू द्या, आपल्या नकोत. त्या दुसऱ्या गावात बायकांनी टँकरच्या वेळा ठरवून द्याव्यात असा अर्ज लिहिला. अर्ज सांगितला ट्रकवाल्याच्या बायकोने, लिहून घेतला तिच्या नववीतल्या मुलीने. त्या रविवारी आम्ही सभागृहात मागच्या बाकावर बसून होतो. अर्ज वाचायला ती बाई स्वतः उठली.