घरच्या वेल्डिंग मशीनवर काम करताना: आधी जागा, मग वीज, मग रॉड

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन एका हातानं उचलता येतं, त्यामुळं ते कुठंही मांडलं जातं. दिवाळीनंतर विदर्भातल्या घरात हे फार धोक्याचं. खोलीत कापूस भरलेला, गोठ्यात कुटार म्हणजे सुका चारा, अंगणात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा ढीग. ठिणगी 10 मीटरपर्यंत उडू शकते, आणि कापसात शिरली तर आतल्या आत धुमसत राहते. म्हणून मशीन उघड्यावर, साफ केलेल्या मातीवर मांडा. वारा ढिगाकडं वाहत असेल तर त्या दिवशी काम नको. रेतीचं घमेलं जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथून हलू नका.

सॉकेट 16 अँपिअरचा हवा. तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कित्येक घरांत ती पिन नावालाच असते. वायर जाड घ्या आणि पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते. व्होल्टेज पडलं की रॉड चिकटू लागतो. तेव्हा करंट वाढवत बसण्यापेक्षा काम सकाळवर ढकला. उन्हाळ्यात तर सकाळच बरी, कारण घामानं भिजलेल्या हातमोज्यातून शॉक बसतो.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे हातमोजे, बंद बूट आणि तोंडासमोरच्या वेल्डिंगच्या ढालीत 10 किंवा 11 नंबरची काळी काच. उन्हाचा गॉगल कामाचा नाही. बघायला जमलेल्या पोरांना आधी लांब पाठवा. डोळ्यांना वेल्डिंगचा उजेड लागला की दुखणं काही तासांनी, बहुतेक रात्री उठतं. त्यावर बटाट्याची चकती, दूध वगैरे काही नको, डॉक्टरकडे जा.

डिझेलचा रिकामा ड्रम वेल्ड करू नका. उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

आता जोड. गंज, रंग, माती ग्राइंडरनं काढा. जस्ताचा मुलामा असेल तर तोही, त्याच्या धुरानं ताप येतो. घासताना तोंडावर मास्क असू द्या. मशीनच्या दुसऱ्या वायरीचा चिमटा, म्हणजे अर्थचा क्लॅम्प, जोडाजवळ, उघड्या लोखंडावर लावा. ट्रॅक्टरच्या अवजारावर काम असेल तर ते आधी ट्रॅक्टरपासून सोडवा.

2.5 मिमी जाडीच्या, 6013 नंबरच्या (साध्या लोखंडाच्या) रॉडला 60 ते 90 अँपिअर लागतात. 80 वर ठेवून आधी भंगारातल्या पट्टीवर हात बसवा. रॉड आगकाडीसारखा घासून पेटवा. मग टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीएवढंच वर धरा, त्याहून जास्त नाही. रॉड पुढं न्यायच्या दिशेला किंचित कललेला असावा. नजर उजेडावर नको, मागं साचणाऱ्या वितळलेल्या लोखंडाच्या रसावर ठेवा. त्याची रुंदी सारखी राहिली तर वेग बरोबर आहे. दोन्ही टोकांना टाके, म्हणजे छोटे ठिपक्याएवढे जोड, मारून मगच सलग जोड द्या. जोडावर जमलेली पापडी चष्मा लावूनच ठोकून काढा, गरम तुकडा थेट डोळ्याकडं येतो.

वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारं पातं, मात्र कडक पोलादाची. जोडल्यावर घाईनं पाणी ओतलं तर जोडाच्या कडेनं तडा जातो, म्हणून ती आपोआप निवू द्या. धारेलाच चीर गेली असेल तर लोहाराकडे न्या.