व्हिडिओ एडिटिंगमध्ये उघडत नाही? लगेच कन्व्हर्ट करू नका

मी मुलाखती आणि भाषणं एडिट करते. फुटेज दहा ठिकाणांहून येतं: कुणाच्या फोनमधलं, कुणी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवलेलं, कुणाच्या चांगल्या कॅमेऱ्यातलं. त्यामुळे ‘इंपोर्टच होत नाही’, ‘आवाज येतो पण चित्र काळं’ हे माझ्यासाठी रोजचंच. अशा वेळी बहुतेक जण हाताला लागेल तो कन्व्हर्टर उघडून अख्खी फाईल नव्याने एन्कोड करतात, म्हणजे चित्र-आवाज पुन्हा दाबून साठवतात. वेळ जातो, चित्राचा दर्जा घसरतो आणि पुष्कळदा मूळ दुखणं तसंच राहतं. नेमकं काय अडलंय ते आधी बघा आणि तेवढ्यालाच हात लावा.

त्यासाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाईल त्यात ओढून टाका. नावापुढचं एमपी४, एमओव्ही किंवा एमकेव्ही हे नुसतं वेष्टन, म्हणजे कंटेनर. आतलं चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवायच्या कोणत्या पद्धतीत आहे (एच.२६४, एचईव्हीसी की एव्ही१), हे त्यावरून ठरत नाही. म्हणूनच फाईलचं नाव बदलून .एमपी४ केल्याने काहीच होत नाही. ‘पण व्हीएलसीमध्ये तर छान चालतंय’ असं मला हमखास ऐकवतात. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर स्वतःचे डीकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारे भाग, सोबत घेऊन येतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मोजकेच कोडेक घेतं आणि त्यातही काहींसाठी ऑपरेटिंग सिस्टिमवर किंवा ग्राफिक्स कार्डावर विसंबून असतं.

सगळ्यात सोपं प्रकरण म्हणजे कोडेक ठीक, वेष्टन चुकीचं. उदाहरणार्थ, ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरने एमकेव्हीत केलेलं रेकॉर्डिंग, आत एच.२६४मधलं चित्र आणि एएसीमधला आवाज. इथे काहीही एन्कोड करायचं नाही. ओबीएसच्या फाईल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ (फक्त वेष्टन बदलणं) आहे, ते वापरा. दुसरीकडून आलेली फाईल असेल तर शटर एन्कोडर या कन्व्हर्टरमध्ये ‘रीरॅप’ निवडा. चित्राचा एक बिटही न बदलता फाईल कॉपी व्हायला लागतो तेवढ्याच वेळात काम होतं. मात्र या कटकटीला कंटाळून रेकॉर्डिंगच साध्या एमपी४मध्ये करू नका. त्याची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर सगळं रेकॉर्डिंग हातचं जातं. एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो.

चित्र दिसतं पण आवाज गायब असेल तर ऑडिओचा फॉरमॅट बघा. बहुधा ओपस हा ऑडिओ कोडेक निघेल. मग फक्त ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ पीसीएममध्ये (न दाबलेल्या आवाजात) बदला आणि चित्र जसंच्या तसं ठेवून एमओव्हीत भरा.

आता मला सर्वात जास्त छळणारा प्रकार. फाईल उघडते, सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, पण जसजसं पुढे जावं तसतसा आवाज सरकत जातो. लोक ऑडिओ कापून थोडा मागे-पुढे करतात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मीडियाइन्फोत ‘फ्रेम रेट मोड’ समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की कारण सापडलं. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर गरजेप्रमाणे कमी-जास्त फ्रेम घेतात, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्या समान अंतरावर आहेत असं धरून चालतं. काही सॉफ्टवेअर हे आता स्वतः सांभाळतात, पण तासाभराच्या मुलाखतीत मी त्यावर विसंबत नाही. हँडब्रेक हा कन्व्हर्टर उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ठरावीक आकड्यावर ठेवा (सरासरी २९.८ दिसत असेल तर ३०) आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. इथे चित्र पुन्हा एन्कोड होणारच, म्हणून आरएफचा, म्हणजे दर्जाचा, आकडा १६च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. मूळ फुटेज १०-बिट (८-बिटपेक्षा रंगाच्या जास्त छटा साठवणारं) असेल तर एन्कोडरही १०-बिटचाच घ्या.

राहिलं खरं कोडेकचं दुखणं: कॅमेऱ्यातलं एचईव्हीसी, १०-बिट, ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारं). ते उघडतं, पण टाइमलाइन अडखळते. एच.२६४ आणि एचईव्हीसीमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा साठवलेला असतो. तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठे बोट ठेवलं की कॉम्प्युटरला आधीच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावं लागतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून फुटेज त्यांत बदललं की काम सुरळीत चालतं. किंमत जागेची. १९२० बाय १०८०चं, सेकंदाला ३० फ्रेमचं प्रोरेस ४२२ साधारण १४७ मेगाबिट प्रतिसेकंद घेतं, म्हणजे तासाला सुमारे ६६ जीबी. डीएनएक्सएचआर निवडताना एक बारकावा: त्यातलं ‘एचक्यू’ ८-बिट असतं, १०-बिट फुटेजला ‘एचक्यूएक्स’च हवं. नाहीतर रंग दुरुस्त करताना आकाशात पट्टे दिसतील. डिस्कवर एवढी जागा नसेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, बनवा आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फुटेज जोडलेलं आहे ना, ते बघा.

बदललेल्या फाईलची तपासणी सुरुवात बघून करू नका. शेवटच्या दोन मिनिटांवर जा, बोलणाऱ्याचे ओठ बघा, फाईलची लांबी मूळ फाईलशी ताडा. आणि अंतिम एक्सपोर्ट पोचवून होईपर्यंत मूळ फाईल डिलीट करू नका.